फ्लेक्सले पाठ नसते

फ्लेक्सच्या दुकानात किस्से जमवा लागत नाई, ते आपोआप जमतात. रोज संध्याकाळी मशीनखाली कापलेल्या पट्ट्यांचा ढीग आणि काउंटरवर दोन नवे किस्से. चौदा वर्षं झाली, मी कारंज्यात शकीलभाईच्या दुकानात डिझाईन करते. हसायचे किस्से आमचा मशीनवाला गजू सांगते, चहाच्या टपरीवर, मीठमसाला लावून. माह्याकडे आहेत ते सगळे भेवाचे. मी भित्री आहो, सरळ सांगते. नवरा एसटी डेपोतून यायले अर्धा तास लेट झाला तर मी त्याच्या साहेबाले फोन लावते. म्हणून हे किस्से माह्या तोंडून ऐका, गजू यातलं स्वतःचं सगळं गाळते.

* * *

पहिला, नियमाचा. आमच्या दुकानात मयताचा फ्लेक्स फोनवर घेत नाई. घरचं माणूस स्वतः येऊन काउंटरसमोर उभं राह्यलं पायजे, तवाच काम हातात घ्यायचं. हा नियम पहिले नव्हता.

एका दिवशी आसेगावकडून फोन आला. आमचे काका गेले, सहा बाय चार काढून ठेवा, फोटो व्हॉट्सअपवर टाकला आहे. मी फोटोले हार घातला, खाली दिवा ठेवला, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. गजूनं छापला आणि वाळायले भिंतीले टेकवून ठेवला. दोनच्या सुमारास एक म्हातारा आला. धोतर, टोपी, हातात बाजाराची पिशवी. नातवाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स कधीपर्यंत भेटन, असं विचारून राह्यला होता. विचारता विचारता त्याची नजर भिंतीकडे गेली. माही पण गेली. मंग मी म्हाताऱ्याकडे पाह्यलं, मंग पुन्हा भिंतीकडे. तोच माणूस!

तो फ्लेक्सजवळ गेला. खिशातून चष्मा काढला. वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं, तारखेसकट.

"फोटो चांगला निंगला," तो म्हणाला. "पन मले कोनं सांगतलंच नाई."

गावात एकाच नावाचे दोन जण होते, आणि फोटो पाठवणाऱ्यानं चुकीचा पाठवला होता. शकीलभाईनं म्हाताऱ्याले बसवलं, चहा पाजला. मंग स्वतः कटर घेऊन तो फ्लेक्स असा बारीक कापला, की चेहऱ्याचा एक तुकडा ओळखू येऊ नये. त्याच दिवशी नियम लागला.

तवापासून मले एक गोष्ट कळायले लागली. वाढदिवसवाले पाच-सहा जण येतात, गाडी दारात आडवी लावतात, बोलत बोलतच आत घुसतात. मयताच्या घरचं माणूस एकटं येते, आणि दुकानाच्या पायरीवर चप्पल काढते. आम्ही कोणाले काढा म्हणत नाई, तरी काढते. पायरीवर चप्पल निंघाली की मी काही न विचारता दुःखदवालं फोल्डर उघडते.

* * *

आमच्या कम्प्युटरवर दोनच मोठे फोल्डर आहेत, 'वाढदिवस' आणि 'दुःखद'. तालुक्यातला प्रत्येक चेहरा पहिले पहिल्या फोल्डरमध्ये येते आणि मंग कधीतरी दुसऱ्यात जाते. हे काम माह्या हातानं होते, म्हणून मले बाजारात ओळखीचं माणूस भेटलं की उगाच कसंसं होते.

शकीलभाईचा फोटो मात्र दोन्हीकडे नाई. अख्ख्या तालुक्याचे चेहरे छापले या माणसानं, स्वतःचा एक फ्लेक्स नाई. ईदेच्या शुभेच्छांचा पण नाई. आम्ही म्हटलं तर म्हणायचे, "मी काउंटरच्या मागं बरा." सकाळी आम्ही यायच्या आधी ते खुर्चीत बसलेले, संध्याकाळी आम्ही निंघालो तरी बसलेले. पांढरी टोपी, फिरोजी शर्ट, तोंड दरवाज्याकडे.

* * *

गजू म्हणते, मले कशाचंच भेव नाई. अमावस्येले मसणातून सायकल चालवली म्हणते. आता खरं ऐका.

भर दुपारी लाईन गेली. मशीनवर एका पुढाऱ्याचं तोंड छापून चाललं होतं, ते कपाळ आणि डोळ्यांपर्यंत येऊन थांबलं. गजू मशीनसमोरच जमिनीवर आडवा झाला आणि घोरायले लागला. तासाभरानं लाईन आली. आमच्या मशीनचं काय झालं कोणास ठाऊक, ती आपल्या मनानं चालू झाली, आणि फ्लेक्स सरकत सरकत खाली आला. गजूनं डोळे उघडले तर त्याच्या तोंडावर हातभर रुंदीचे दोन डोळे वाकून पाहून राह्यले!

मी बाहेर आली तर गजू रस्त्यापलीकडं, टपरीपाशी उभा, पायात चप्पल नाई.

"भेलो नाई," तो म्हणाला. "चहा सांगायले आल्तो."

* * *

आता झोया. शकीलभाईच्या मुलीची, शबानाची पोरगी, नऊ वर्षांची. नाना, म्हणजे शकीलभाई, तिले रोज स्कूटरवर मागं बसवून शाळेत सोडायचे आणि शाळा सुटली की दुकानात घेऊन यायचे. शबाना येईपर्यंत ती माह्या बाजूच्या कम्प्युटरवर ठोकळ्यांचा गेम खेळायची. त्या गेममधली माणसंसुद्धा ठोकळ्यांचीच. डोकं म्हणजे एक खोकं, अंग म्हणजे दुसरं खोकं.

एक दिवस ती म्हणाली, आंटी, इसमें अपना खुद का आदमी बना सकते. आणि तिनं ब्राउझरमध्ये एक साईट उघडली. फुकट होती, नाव नाई विचारलं, फोन नंबर नाई विचारला. समोर एक माणूस सपाट उलगडून ठेवलेला, जसा साबणाचा खोका उलगडतो तसा. इकडं तोंड, तिकडं कान, खाली हात, बाजूले पाय. झोया म्हणे याले स्कीन म्हणतात, आपण रंग भरायचा की गेममधला माणूस तसा दिसते. मले तर सोलून वाळत घातलेला माणूसच दिसला. मी म्हटलं बंद कर ते.

पण मी पडली डिझायनर. वीस वीस फुटी तोंडं काढणारी मी, आणि इथं अख्ख्या चेहऱ्याले आठ आडवी, आठ उभी, चौसष्ट घरं. एका डोळ्याले दोन घरं! मिशीले चार. मले राहवलंच नाई. गजू समोर होता, त्याचाच चेहरा घेतला. जाड भुवया, कपाळावर आलेले केस, शाईचे डाग पडलेला टी-शर्ट. अर्ध्या तासात गजू तयार. झोयानं तो गेममध्ये टाकला. बारका गजू गवतावरून चालत आमच्याकडे आला, हुबेहूब, आम्ही दोघी हसून हसून पडलो.

मंग तो वळला.

मागं काहीच नव्हतं. डोकं नाई, पाठ नाई, नुसता काळा खड्डा, आणि तो खड्डा चालून राह्यला होता. मी अशी किंचाळली की शकीलभाई खुर्चीतून उठले.

झोया शांत. "आंटी, आपने पीछे का बनायाच नहीं."

खरंच नाई बनवलं. चौदा वर्षांत कधी माणसाचं मागचं बनवलंच नाई. फ्लेक्सले पाठ कुठं असते? फ्लेक्सची मागची बाजू खांबाकडे असते. त्या पानावर मागच्या अंगाची घरं स्पष्ट दिसून राह्यली होती, मी ती रिकामी जागा समजून सोडली.

गजू दिवसभर आपल्या डोक्याच्या मागून हात फिरवत राह्यला. दुसऱ्या दिवशी त्याची मान आखडली. त्याचं पण खापर माह्यावरच!

* * *

त्या साईटवर दोन बटणं शेजारी शेजारी होती. एकानं आपली स्कीन आपल्या कम्प्युटरवर यायची, दुसऱ्यानं ती जगाले दिसायची. गजूची पाठ रंगवून झाल्यावर मी कोणतं दाबलं असन, ते तुम्ही ओळखलंच.

तीन-चार दिवसांनी झोया आली आणि म्हणाली, गजू मामा, देखो आप कितने हो. स्क्रीनवर कोणाचं तरी शेत होतं, आणि त्यात सहा गजू उभे. सगळे शाईच्या डागाच्या टी-शर्टात. कोणत्या देशातली पोरं होती देव जाणे, फुकटात भेटला म्हणून त्यायनं गजू अंगावर चढवला होता. एक गजू दुसऱ्या गजूले कुऱ्हाडीनं हाणून राह्यला होता.

गजूचा चेहरा पांढरा पडला. माहं तोंड घेऊन हे लोक कुठं कुठं फिरून राह्यले असतीन, काही भलतंसलतं केलं तर पोलीस माह्या घरी येतीन, असं त्यानं सुरू केलं. मी झोयाकडून ती स्कीन साईटवरून काढून टाकली, पण ज्यायनं उचलली त्यायच्याकडची कशी काढणार? दोन दिवस तो नीट जेवला नाई. मंग तिसऱ्या दिवशी उसासा टाकून म्हणाला, "एका गजूले पोरगी भेटून नाई राह्यली, आता सहा झाले."

शकीलभाई हसले, पण नियम लावलाच. ते दुसरं बटण कोणी दाबायचं नाई. दुकानातलं तोंड दुकानात राह्यलं पायजे.

* * *

मंग शकीलभाईच्या छातीत दुखलं.

दुकानातच दुखलं, बिलबुकावर हात ठेवून बसले होते, हात सरकला. गजूनं त्यायले उचलून गाडीत घातलं. इथल्या डॉक्टरनं नागपूरले न्या म्हटलं, अँजिओप्लास्टी करा लागन. जावई सोबत जाणार, शबाना झोयाले घेऊन इथं राहणार, असं ठरलं.

निंघायच्या आदल्या दिवशी झोया माह्याकडे आली. नानाले गेममध्ये बनवून दे म्हणे, नाना नागपूरले गेले तरी मग घरी राहतीन. अशा पोरीले नाई कसं म्हणणार? दुकानाच्या लायसन्सवरचा एकच फोटो होता, तो समोर घेतला. दाढीले तीन रंगांचा करडा वापरला. चष्म्याची काडी एका घरात बसवली. पांढरी टोपी, फिरोजी शर्ट. झोया म्हणाली, हाँ, येईच नाना. मंग मी मागच्या बाजूले आली आणि माहा हात थांबला.

शकीलभाईची पाठ कशी आहे, मले ठाऊकच नव्हतं! चौदा वर्षं त्यायच्यासमोर काम केलं आणि पाठ एकदा पण नीट पाह्यली नव्हती. तेवढ्यात शबाना तिले घ्यायले आली, गाडी ठरवायची होती, सामान भरायचं होतं. उद्या करू म्हणून मी तशीच फाईल देऊन टाकली.

ही चूक मी दुसऱ्यांदा केली. पहिल्यांदा कळलं नाई म्हणून, या वेळी कळून.

सकाळी शबानाचा फोन आला. झोया रात्रीपासून जेवली नाई, अंग तापलं. गेममध्ये नाना तिच्यापासून दूर चालत गेले, आणि मागून काळे, रिकामे. शकीलभाई निंघाले तेव्हा ती पलंगाखाली लपून बसली, त्यायच्याकडे आलीच नाई. ते दारात थांबून हाका मारत राह्यले आणि तसेच गाडीत बसले.

मी धावत तिच्या घरी गेली. तिच्यासमोर मागची सगळी घरं फिरोजी रंगानं भरली. आता पाहा बेटा, झाली पाठ. तिनं पाह्यलं आणि मान हलवली.

"ये नाना की पीठ नहीं है. मैं रोज गाड़ी पे पीछे बैठती, मेरेको मालूम है."

मंग कशी आहे, सांग ना? तिले सांगता येईना. ऐसी नहीं, एवढंच म्हणून रडत राह्यली. मी घाबरली, खरंच घाबरली. देवाधर्माचं, करणीचं मी मानत नाई, आमच्या घरात ते चालत नाई. पण संध्याकाळी विहारात जाऊन बसली तर त्रिसरण म्हणता म्हणता मधीच विसरली. डोळ्यांसमोर तेच, शकीलभाई चालत जाऊन राह्यले आणि मागून काळे. ते चित्र माह्याच हातचं होतं.

* * *

ऑपरेशनच्या रात्री जावयाचा फोन आला. झालं, पण आयसीयूत आहेत, भेटू देत नाई. त्याच्यानंतर काहीच नाई. नागपूरवरून शकीलभाईनं झोयाले दोनदा फोनवर बोलावलं होतं, ती आली नव्हती, शेवटी शबानानंच त्यायले पाठीचं कारण सांगतलं, हे पण मले तिच्याकडून कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकान उघडलं. शकीलभाईची ताकीदच होती, काही झालं तरी शटर वर पायजे. अकरा वाजता फोन वाजला. वॉर्डातला एक कार्यकर्ता होता, आमचं नेहमीचं गिऱ्हाईक.

"वंदनाताई, शकीलभाईचा दहा बाय आठ काढा. श्रद्धांजलीचा. फोटो तुमच्याकडेच असन."

कोणं सांगतलं, मी विचारलं. ग्रुपवर आलं म्हणाला, सगळे टाकून राह्यले. मी फोन ठेवला आणि शबानाले लावला. एंगेज. जावयाले लावला. बंद. पुन्हा शबाना, पुन्हा एंगेज. तेवढ्यात दुसरा फोन, चौकातल्या मंडळाचा, आठ बाय सहा. मंग तिसरा. लोकायले बिचाऱ्यायले खरंच वाईट वाटून राह्यलं होतं, एक जण तर फोनवर रडला.

स्क्रीनवर लायसन्सचा फोटो अजून उघडाच होता. मी तो बंद केला. उघडा राहिला तर आपोआप दुःखदमध्ये जाईन, असं मले वाटलं. हसा तुम्ही.

गजू मशीनपाशी गेला, रोल सोडवला, खांद्यावर घेतला आणि कोपऱ्यात नेऊन उभा केला. आता मशीनमध्ये छापायले काही नव्हतं.

"फोनवर नाई," तो म्हणाला. "घरचं माणूस आलं पायजे."

मी म्हटलं, हाव. आणि मनात म्हटलं, घरचं माणूस नको येऊ दे. आज कोणीच नको येऊ दे.

साडेबारा वाजता पायरीवर सावली पडली. शबाना होती. एकटी. तोंडाले घाम, ओढणी खांद्यावरून खाली आलेली, हातात मोबाईल. तिनं वाकून चप्पल काढली आणि पायरीवर ठेवली.

गजू भिंतीकडे तोंड करून उभा राह्यला. मी माऊसवरचा हात काढून घेतला.

"चप्पल का अंगूठा टूट गया, ताई," ती धापा टाकत म्हणाली. "भागते आई. मोबाईल पे लोग फोन पे फोन, फोन पे फोन, मेरेको किसी को लगानेच नहीं दे रहे."

तिनं मोबाईल काउंटरवर ठेवला. जावयानं आत्ताच पाठवलेला फोटो होता. पलंगावर बसलेल्या माणसाचा, मागून घेतलेला. अंगात दवाखान्याचा हिरवा अंगरखा, मागून उघडा. वरची दोरी बांधलेली, खालची लोंबत असलेली. डाव्यापेक्षा उजवा खांदा खाली. टोपी नाई, आणि डोक्याच्या मागं हाताच्या तळव्याएवढं टक्कल, जे मी आणि गजूनं चौदा वर्षांत कधी पाह्यलं नव्हतं.

खाली एक आवाजाचा मेसेज होता. शबानानं बटण दाबलं. आवाज बारीक होता, थांबत थांबत येत होता, पण रोज खुर्चीतून यायचा तोच होता.

"वंदना, पाठ पाठवून राह्यलो. नीट पाहून बनवजो. आन झोयाले सांगजो, नाना मागून बी पुरा हाय."

मी काउंटरवर डोकं ठेवून रडली. शबाना पण रडली. दुकानाचा फोन पुन्हा वाजला, तर आमच्यातलं कोणीच उठेना. शेवटी गजूनं नाक पुसलं आणि उचलला. तोच कार्यकर्ता होता, त्याचा आवाज आम्हाले इथपर्यंत ऐकू येत होता. झाला काय फ्लेक्स, फोटो भेटला काय, विचारून राह्यला होता.

"फोटो आत्ताच आला," गजू म्हणाला. "पन पाठीकडून हाय. चालन काय?"